तिसऱ्या खेपेची बजावणी

कोर्टाचे कागद लोकांच्या हातात देण्यात बेलीफबाईंची एकवीस वर्षं गेली होती. एवढ्या काळात त्यांच्या तोंडावर दारं आपटली गेली, एकदा अंगावर कुत्रंही सोडलं गेलं, आणि एका म्हाताऱ्यानं समन्सवर सही करून वर तासभर सुनेच्या कागाळ्या ऐकवल्या. बाई कुणाशी हुज्जत घालत नसत. कागद द्यायचा, सही घ्यायची, वेळ टिपायची आणि निघायचं. नवरा चिडवायचा, "हिच्या हातून लग्नपत्रिका घ्यायलाही लोक कचरतात."

त्या सकाळी हेडक्लार्कनी पुढे सरकवलेला लिफाफा मात्र त्यांनी वाचून तसाच मागे सरकवला. नोटीस सरकारी दवाखान्याच्या अधीक्षकांवर होती. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी एक शिक्षिका दगावली होती. तिच्या नवऱ्यानं दावा लावला होता, पण दवाखाना कागदच देत नव्हता. म्हणून कोर्टाचा हुकूम निघाला: केसपेपर, ऑपरेशनचं रजिस्टर आणि चार नंबर वॉर्डातली नर्सच्या नोंदींची वही पंधरा दिवसांत हजर करा.

"साहेब, हे दुसऱ्या कुणाला द्या. माझी नणंद त्या वॉर्डात सिस्टर आहे."

हेडक्लार्कनी चष्म्यावरून पाहिलं. "नोटीस अधीक्षकांवर आहे, नणंदेवर नाही. तुमच्या जोडीचा बेलीफ दोनदा हात हलवत परत आला, आता पाय मोडून घरी बसलाय. तुमच्याशिवाय आहे कोण?"

दवाखान्यातल्या आवक-जावकच्या खिडकीत कारकुनानं लिफाफ्याला हातही लावला नाही. "साहेब मीटिंगला गेलेत. त्यांना विचारल्याशिवाय कोर्टाचं काही घेत नाही."

बाई अधीक्षकांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसल्या. शेजारी हाताला प्लास्टर घातलेला एक माणूस पेंगत होता. दोन तासांनी शिपाई चहाचा कप घेऊन आला आणि मीटिंगला गेलेल्या साहेबांच्या खोलीत शिरला. त्याच्या मागोमाग बाईही आत.

"मीटिंग संपली वाटतं, साहेब."

अधीक्षकांनी नोटीस वाचली. "रेकॉर्ड रूममध्ये पाणी शिरलं होतं. वही सापडत नाही."

"ते कोर्टाला लिहून द्या. मला फक्त सही हवी."

"आणि मी घेतलंच नाही तर?"

"तर 'घेण्यास नकार दिला' असं वेळेसकट लिहीन. कोर्ट तीही बजावणीच धरतं."

चहा निवत गेला. शेवटी साहेबांनी सही ठोकली. बारा पन्नास.

जिन्याशी नणंद भेटली, हातात इंजेक्शनांचा ट्रे. "वहिनी? तू इथे कशी?"

बाईंनी लपवलं नाही. "चार नंबरच्या नोंदी कोर्टानं मागवल्यात."

नणंदेचा चेहरा पडला. "त्या दिवशी ड्युटीवर मीच होते. आता सगळं माझ्या माथी मारतील. आणि हे घेऊन यायला घरचंच माणूस मिळालं त्यांना!"

पुढचा आठवडाभर ती ना घरी आली, ना तिनं फोन उचलला. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "नाही म्हणता येत नव्हतं का तुला?" नवऱ्याची दोघींच्या मध्ये पंचाईत झाली. बाईंनी निवडलेली भाजी धुवायला घेतली. नाही म्हणून पाहिलं होतं, हे सांगितल्यानंही काही फरक पडला नसता.

दहाव्या दिवशी नणंद आपणहून आली. चप्पल न काढताच दारात उभी राहून बोलू लागली. "तिचं ब्लडप्रेशर उतरत होतं. चार वाजता डॉक्टरांना फोन केला, मग पाच वीसला. दोन्ही वेळा वहीत लिहिलंय. ते आले सात वाजता. मग वही गायब झाली आणि मला सांगितलं, तोंड उघडू नकोस."

"खरंच गायब झाली?"

नणंदेनं मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "जुन्या चादरींच्या कपाटात आहे. मी पाहिली."

"मी कागद पोचवणारी बाई. खटल्यात काय होईल ते मला विचारू नकोस," बेलीफबाई म्हणाल्या. "पण वही कुठे आहे ते अधीक्षकांना लेखी कळव. अर्ज दे, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. हे मी कुणालाही सांगितलं असतं."

"बदली करतील माझी."

"करतील."

नणंद चप्पल काढून आत आली, दोन पेले पाणी प्यायली आणि तिथेच स्वयंपाकघरात बसून तिनं अर्ज लिहिला. तीन कागद फाडले, चौथा जमला.

चौदाव्या दिवशी वही कोर्टात पोचली. दोन्ही वेळा निळ्या शाईत स्पष्ट होत्या.

नणंदेच्या साक्षीच्या दिवशी शिक्षिकेचा नवरा व्हरांड्यात तिच्यापाशी आला. बाई पलीकडे लिफाफे लावत होत्या. तो भांडेल असं वाटून त्या उठल्या.

त्यानं एवढंच विचारलं, "शेवटी ती काही बोलली का?"

"पाणी मागितलं," नणंद म्हणाली. "आणि मुलीचा गणिताचा पेपर कसा गेला, ते तुम्हाला विचारायला सांगितलं. तुम्ही आलात तेव्हा मला वॉर्डाबाहेर काढलं होतं."

तो मान हलवत राहिला. "चांगला गेला होता," म्हणाला, जणू निरोप तिच्याकरवीच परत पाठवायचा होता.

निकाल वर्षानं लागला. डॉक्टरांचा हलगर्जीपणा शाबित झाला. नणंदेची बदली त्याआधीच लसीकरणाच्या खोलीत झाली होती. दिवसभर तान्ह्या मुलांचं रडणं ऐकून तिचं डोकं उठतं. सासूबाई अजून अधूनमधून त्या नोटिशीचा विषय काढतात. तेव्हा नणंदच त्यांना गप्प करते.