चर्चा उत्साहपूर्ण झाली

रोझविटा टोमचाकच्या स्वयंपाकघरात, सिंककडून तिसऱ्या खणात तीन वस्तू असतात: निवडणुकीचे फलक खांबाला बांधायचे केबल टाय, तेच फलक उतरवायची कात्री आणि पक्षाचा राजीनामा. राजीनामा टाइप केलेला, एका पानाचा. वर उजवीकडची तारीख चारदा खोडून पुन्हा लिहिलेली आहे. मजकुराला मात्र कधी हात लावावा लागला नाही, कारण त्यात कुठल्याच पुढाऱ्याचं नाव नाही.

"नुसतं 'पक्षाध्यक्षांनी' लिहिलंय," ती सांगते. "माणसं बदलत राहतात. दर वेळी टाइप कोण करत बसणार?"

रोझविटा एकाहत्तर वर्षांची आहे. जर्मनीतल्या हेर्ने शहरात एका इस्पितळाच्या धुलाईखात्यात तिची एकतीस वर्षं गेली, त्यातली शेवटची बारा मुकादम म्हणून. ती राहते ती इमारत कधीकाळी खाणकामगारांसाठी बांधलेली. खाण मिटली, नवराही गेला, आणि इमारत दूरच्या कुठल्याशा कंपनीनं विकत घेतली. पक्षात तिला या वर्षी चाळीस वर्षं झाली. आजवर तिनं कुठलंही पद घेतलेलं नाही. फलक लावायची शिडी मात्र कुणाला घेऊ दिलेली नाही.

आमच्या शाखेचे कागदावर तेवीस सभासद आहेत. बैठकीला बारा येतात, मटारचं सूप असेल तर सतरा. जागा म्हणजे कबुतरवाल्यांच्या क्लबची मागची खोली. भिंतीवर त्यांचे चषक आहेत, आमचं एक वेळापत्रक आहे. त्यांची कबुतरं घरी परत येतात, आमचे मतदार येत नाहीत, हा विनोद आम्ही दर बैठकीला करतो आणि दर बैठकीला त्यावर हसतो. इतिवृत्त मी लिहितो.

पक्षात एक जुनी रीत आहे. कार्ड हातात पडलं की सगळे एकमेकांचे 'साथी', आणि सगळे एकमेकांना 'तू'. मग समोर मंत्री असो नाहीतर शाळेचा शिपाई. बाहेर मात्र एका जिन्यावर वीस वर्षं राहूनही 'तुम्ही' सुटत नाही. रोझविटाच्या वरच्या मजल्यावरच्या नुरजान ओझदालचं आणि तिचं तसंच होतं. नुरजान चव्वेचाळीस वर्षांची, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी. नागरिकत्वाचा कागद गेल्या शरद ऋतूत मिळालेला, म्हणजे मतदानाची ही पहिलीच वेळ.

जानेवारीत रोझविटा जिन्यावरची आठही दारं हिंडली. आमचे अध्यक्ष आर्न्ट वेसेलिंग यांनी देशभर एकच गोष्ट सांगितली होती: भाडी पाच वर्षं गोठवणार, त्याशिवाय सरकारात पाय ठेवणार नाही. फलकावर त्यांचा चेहरा होता आणि खाली तीनच शब्द: 'शब्द म्हणजे शब्द'.

"टोमचाकबाई, भाडं खरंच थांबणार?" नुरजाननं दारातच विचारलं होतं.

"पाच वर्षं. वेसेलिंग म्हणालाय तसं."

"वेसेलिंगला मी ओळखत नाही. तुम्ही सांगताय का?"

"मी सांगतेय."

"मग झालं तर."

मार्चमध्ये वेसेलिंगांनी विरोधकांशी आघाडीचा करार केला. एकशे चाळीस पानांचा. त्या आठवड्यात सूप नसतानाही खोलीत सतरा माणसं होती.

"पान चौऱ्याण्णव," फ्राउके लिंडहोर्स्ट म्हणाली. ती शाखेची अध्यक्ष. आयुष्यभर भूगोल शिकवल्यामुळे कुठलीही आपत्ती नकाशावर दाखवल्यासारखी शांतपणे दाखवते.

"इथं तर आयोग आहे," डीटमार म्हणाला. खाणीत वीज जोडण्यात जन्म गेल्यामुळे तो अजून अंधारात बोलल्यासारखा ओरडून बोलतो. "भाडी गोठवणार होते ना? आयोग कसला?"

"नीट वाच. आयोग नेमण्याचा विचार करण्यात येईल."

"म्हणजे आयोगसुद्धा नाही?"

"विचार आहे."

"विचार मीपण बत्तीस वर्षं करतोय, सिगारेट सोडायचा!"

रोझविटानं करार मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "या माणसाला मी बर्फात शिडीवर चढून खांबाला बांधलंय. सारखा खाली घसरत होता. मीच मेली वर ओढत बसले."

"तेव्हाच कळायला हवं होतं तुला," डीटमार म्हणाला. "एक टाय तोंडाला लावायचा होतास."

खूप हसलो. मग संतापलो. करार मान्य करायचा की नाही हे देशभरातले सभासद टपालानं मत देऊन ठरवणार होते. फ्राउकेनं विचारलं, नाही कोण म्हणणार? सतराच्या सतरा हात वर गेले. माझाही गेला, पेनासकट. इतिवृत्तात मी लिहिलं: 'भाड्याच्या प्रश्नावर चर्चा उत्साहपूर्ण झाली.' गेली एकोणीस वर्षं मी हेच लिहितो. कुणी खुर्ची आपटली तरी हेच.

टपालानं मत देणं आमच्याकडे सोपं ठेवलेलं नाही. मतपत्रिका निळ्या पाकिटात घालायची. मत मी स्वतःच दिलं आहे, असं एक प्रतिज्ञापत्र असतं. त्यावर तारीख घालून सही करायची. मग निळं पाकीट आणि प्रतिज्ञापत्र, दोन्ही शेजारी-शेजारी लाल पाकिटात. प्रतिज्ञापत्र नसेल तर निळं पाकीट न उघडताच फेकून देतात. म्हाताऱ्या सभासदांचा इथं हमखास घोटाळा होतो. म्हणून एका दुपारी कॉफी आणि आलुबुखाराच्या केकबरोबर प्रात्यक्षिक ठेवलं होतं. प्रात्यक्षिक दाखवलं रोझविटानं. धुलाईखात्यात चादरींच्या घड्या शिकवाव्यात तसं: हे इथं, हे तिथं, आणि हे विसरलात तर मुकाट घरी बसा.

तिनं आपलं मत एका सोमवारी दिलं. 'नाही'वर फुली मारली, निळं पाकीट चिकटवलं, प्रतिज्ञापत्रावर सही केली. बसल्या जागी खणातला राजीनामाही बाहेर काढला. 'हो' जिंकलं तर सत्काराच्या दिवशीच तो फ्राउकेच्या हातात द्यायचा, असं तिनं ठरवलं होतं. चाळीस वर्षांच्या सभासदाला शाखा कोटाला लावायची सोनेरी टाचणी आणि मानपत्र देते, आणि तो कार्यक्रम एप्रिलमधल्या एका शनिवारी होता. तिनं पाचवी तारीख घातली, कॉफी प्याली, लाल पाकीट पेटीत टाकून आली.

नुरजान गुरुवारी खाली आली. हातात घरमालक कंपनीचं पत्र होतं. एक जूनपासून भाडं वाढणार, आठही घरांचं.

"टोमचाकबाई, हे तुम्हालाही आलं असेल."

"आलंय. बसा."

नुरजान बसली नाही. टेबलावरच्या कॉफीच्या भांड्याखाली एक कागद दबला होता, गोल डागासकट. तिनं तो सरकवून वाचला. "यावर तुमची सही आहे. हे पाठवायचं नव्हतं का?"

रोझविटानं कागद पाहिला. मग खुर्ची ओढून तीच बसली.

"म्हणजे तुमचं मत?" नुरजाननं विचारलं.

"कचऱ्यात."

"दुसरं देता येतं का?"

"मुदत काल संपली."

नुरजाननं कागद परत टेबलावर ठेवला. "मी तर तुमच्यावर चिडायला आले होते," ती म्हणाली. "आता तेही नीट जमेना. वयानं मोठ्या बाईला 'तुम्ही खोटारड्या आहात' असं कसं म्हणायचं?"

"म्हणा की."

"नाही जमत हो," ती म्हणाली आणि पत्राची घडी करून वर गेली.

कागद खरंच विसरला की हाताला विसरावासा वाटला, यावर आम्ही पुढे फार खोल चर्चा केली. आम्हाला खोल चर्चा आवडते. तिच्यात कुणाला काही करावं लागत नाही.

निकाल लागला. शंभरातल्या शहात्तर सभासदांनी 'हो' म्हटलं होतं. वेसेलिंगांनी टीव्हीवर सगळ्यांचे आभार मानले.

शनिवारी अकरा वाजता सगळे जमलो. टेबलावर बटाट्याचं सॅलड, सॉसेज, मोहरीची वाटी. मखमली डबीत टाचणी, चौकटीत मानपत्र, खाली वेसेलिंगांची छापील सही. रोझविटा निळा कोट घालून पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर पर्स. पर्समध्ये काय आहे हे मला ठाऊक होतं. तिनंच दोन दिवस आधी सांगितलं होतं, "इतिवृत्तात नीट लिहायचं, म्हणून सांगून ठेवतेय."

फ्राउकेनं चष्मा लावला. "साथी रोझविटा, चाळीस वर्षं ऊन म्हणू नकोस, पाऊस म्हणू नकोस..."

"थांब," रोझविटा उठली. "आधी मला बोलू दे. मी सगळ्यांसमोर 'नाही' म्हटलं होतं. माझं 'नाही' पोचलंच नाही. प्रतिज्ञापत्र घरी राहिलं. तुम्हाला शिकवणारी मी, आणि माझंच राहिलं."

आधी कुणी हसलं नाही. मग डीटमारला आवरेना, आणि सगळी खोली हसली. हसणं ओसरल्यावर तोच घसा खाकरून म्हणाला, "माझं पोचलं. पण मी 'हो' म्हटलंय."

"काय?"

"पाकीट चिकटवताना मला ते दुसरे दिसले, टीव्हीवर 'परक्यांना हाकला' म्हणून ओरडणारे. म्हटलं, हा करार पडला तर ते येतील."

फ्राउके चष्मा पुसायला लागली. कुणी मोहरी मागितली. सतरा हात वर गेले होते, आणि आता त्यातली सोळा माणसं सॅलडमधला कांदा शोधत होती. मीसुद्धा 'हो'वरच फुली मारली होती. माझ्याकडे कारणं होती, चांगली सहा-सात. आमच्याकडे कारणं नेहमी भरपूर असतात. कमी पडतात त्या बाकीच्या गोष्टी.

रोझविटानं पर्सची चेन उघडली. फ्राउकेला काय येणार ते कळलं असावं, कारण ती घाईघाईनं म्हणाली, "त्याआधी विषय दुसरा घेऊ. नव्या सभासदाचं स्वागत. दोन आठवड्यांपूर्वी अर्ज आला, मंडळानं मंजूर केला. आत ये."

अर्धवट उघड्या दारामागे सगळं ऐकत उभी असलेली नुरजान आत आली. हातात कुठलाही पदार्थ नव्हता. आमच्यातल्या दोघांनी नंतर कबूल केलं की त्यांना पदार्थाची आशा होती. फ्राउकेनं कार्ड दिलं, हात मिळवला, 'साथी' म्हटलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या आम्हाला जमतात.

नुरजाननं कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं. "हे मिळालं की सगळ्यांना 'तू' म्हणायचं, बरोबर?"

"बरोबर."

"टोमचाकबाईंनाही?"

"सगळ्यांना," फ्राउके म्हणाली.

नुरजान रोझविटासमोर जाऊन उभी राहिली. "मग ऐक, रोझविटा. तू माझ्या दारात उभी राहून शब्द दिलास. मी आयुष्यातलं पहिलं मत तुझ्या शब्दावर दिलं, त्या चेहऱ्यावर नाही. तू मला फसवलंस."

"हो," रोझविटा म्हणाली.

"आणि आता पर्समध्ये काय आहे?"

रोझविटानं राजीनामा बाहेर काढला. नुरजाननं तो वाचला, खोडलेल्या तारखांसकट.

"म्हणजे मला आत घ्यायचं आणि स्वतः मागच्या दारानं निघायचं? मग भांडू कुणाशी मी? याच्याशी?" तिनं डीटमारकडे बोट दाखवलं. डीटमारनं काटा खाली ठेवला. "एक जूनला भाडं वाढतंय. तू आठ दारं हिंडली होतीस ना? सोमवारी परत हिंडायचं. प्रत्येक दारात सांगायचं, मी बोलले ते झालं नाही. मी येते बरोबर, ऐकायला."

"आणि मग?"

"मग त्या वेसेलिंगला पत्र. आठ सह्यांचं. हे असलं, बिननावाचं नाही."

 रोझविटानं राजीनामा परत घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. फाडला नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. टाचणी घेतली, कोटाला मात्र लावली नाही. "आठही दारं झाल्यावर बघू," ती म्हणाली.

मी इतिवृत्त पुरं करत होतो. नुरजान सॅलडची बशी घेऊन माझ्या खांद्यामागे उभी राहिली आणि वाचायला लागली.

"'चर्चा उत्साहपूर्ण झाली.' हे काय?"

"तसंच लिहितात."

"खोटं आहे. खोड."

"मग काय लिहू?"

"रोझविटानं चूक कबूल केली. बाकीच्यांनी हात वर केले एका बाजूला आणि फुली मारली दुसऱ्या. नावं घाल."

मी फ्राउकेकडे पाहिलं. ती चष्मा पुसत होती. मी डीटमारकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझ्या नावाचं स्पेलिंग तरी नीट लिही." एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मी ते वाक्य खोडलं आणि नावं लिहायला घेतली. माझं शेवटी लिहिलं. नुरजान तिथंच उभी होती, म्हणून लिहिलं.