आमच्या गल्लीचं गेट

"बॅग खोलो. किसके घर में काम है?"

नवा वॉचमन विचारत होता आणि मी माझ्याच घरी चालले होते. कन्नड मुलखातल्या या शहरात, महादेवपुऱ्यात, माझा जन्म झाला त्याच गल्लीत. गारमेंटची शिफ्ट संपवून आले होते. मागून एक गाडी आली, काचेवर असोसिएशनचं स्टिकर. तिला गेट लगेच उघडलं. मला डबाही उघडायला लावला. सकाळचा चित्रान्नाचा पिवळा भात उरला होता, त्याने त्यातही डोकावून पाहिलं. कामवाली असते तरी का उघडायचा मी डबा?

आमची पाच घरं जुनी, पणजोबांच्याही आधीची. बंगले नंतर झाले, मग बंगलेवाल्यांची असोसिएशन झाली. एक स्कूटर चोरीला गेली आणि यांना गल्ली सुधारायची हौस आली. दोन्ही टोकांना गेट. झाडाखालचा दगडी कट्टा फोडला, कारण तिथे कोणीही बसतं म्हणे. कोणीही म्हणजे माझी आई आणि शेजारची लक्ष्मक्का. कॅमेरे लावले, त्यातला एक थेट आमच्या दारावर. बंगलेवाले सांगत फिरतात, आता राहायला किती निवांत वाटतं. वाटणारच. त्यांच्या दारावर कॅमेरा नाही.

आई म्हणायची, "स्वल्प सांभाळून घे ग. दाखवलं म्हणून काय झिजतंय?"

दीड वर्ष दाखवत राहिले.

मग एका संध्याकाळी वॉचमन चहाला गेला होता. गेट सताड उघडं. तरी मी थांबले. रिकाम्या खुर्चीपुढे उभी राहिले आणि पिशवीची चेन ओढली. कोणी मागितली नव्हती. कोणी बघतही नव्हतं. आपण काय करतोय ते कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. आधी स्वतःचाच राग आला, यांचा नंतर.

त्याच रविवारी असोसिएशनचे सेक्रेटरी घरी आले. मूळचे पुण्याचे, मोठ्या कंपनीतले. आमचा उंबरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. हातात फॉर्म. गेट कायमचं करायला प्रत्येक घराची सही हवी होती. वर छापलेलं, आम्ही रहिवासी या व्यवस्थेवर समाधानी आहोत.

"ताई, आपण मराठी माणसं. एक सही द्या. सेफ्टी सगळ्यांचीच ना?"

सही हवी तेव्हा मी रहिवासी.

"कोणापासून सेफ्टी?" मी विचारलं.

त्यांनी पेन पुढे केलं.

आई मागून म्हणाली, "करून टाक सही. उगाच वैर नको."

मी पेन घेतलं. छापलेल्या ओळीवर काट मारली. खाली कन्नडमध्ये लिहिलं, कारण कागद वॉर्ड ऑफिसात जाणार होता. सेक्रेटरींना ते वाचता येईना. मग मीच मराठीत वाचून दाखवलं. "रस्ता सरकारी आहे. आम्हाला हे गेट मान्य नाही." पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट. ते बघत असताना सही केली आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवला.

सोमवारपासून मी गेटवर थांबत नाही. वॉचमन शिट्टी मारतो. त्याच्याशी माझं भांडण नाही, पण मी वळूनही बघत नाही. असोसिएशनने नोटीस धाडली आहे. आई घाबरली आहे. तिला मी सांगितलं, वैर त्यांनी केव्हाच धरलंय. आता मीही धरणार आहे.