खालची रेघ घालवा

"ताई, तुम्ही फक्त माउस धरायचा. बोलायचं आम्ही."

साहेब दहा बिल्डरांच्या देखत असं म्हणाले. ऑफिसातल्या बाकी मुली मॅडम होत्या. ताई मी एकटीच.

पडद्यावरचा आलेख मी बांधलेला. पुण्यातली घरं किती कमावतात, भागवार. रेघेवर बाण नेला की आकडा दिसतो, नावावर क्लिक केलं की रेघ जाते. पाच महिने खपले होते मी.

एका बिल्डरने माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"अरे वा. तुमच्यात हल्ली हेही करतात का?"

सगळे हसले. साहेबही. मीसुद्धा हसले, त्याची आजही चीड येते.

"ती खालची रेघ घालवा," साहेब म्हणाले. "चित्र बिघडतंय."

खालची रेघ म्हणजे बिबवेवाडीतली आमची वस्ती, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची. माझी आई त्यांतलीच. ती माहिती मी दारोदार फिरून आणली होती. शेजारच्या मुमताजमावशींनी विचारलं होतं, "आमचं बी दिसेल का गं त्यात?" दिसेल, असा शब्द मी दिला होता.

मी क्लिक केलं. रेघ गेली. उरलेल्या रेघा पडदाभर ऐसपैस पसरल्या. कोपऱ्यातली पुण्याची सरासरी झटक्यात वर चढली.

"बघा, पुण्यात पैसा खेळतोय," साहेब म्हणाले. बिल्डरांनी माना डोलावल्या.

असं पुसतात आम्हाला. शिवी नाही, मारहाण नाही. एक क्लिक. आणि बोट माझंच.

माझं डोकं फिरलं. रेघ परत आणली.

"ताई, घालवा ती."

"नाही घालवणार. या बायका तुमच्याच घरी भांडी घासतात. त्याही पुण्यातच राहतात."

"हे मार्केट आहे, समाजसेवा नाही. उद्यापासून येऊ नका."

"अहो, उद्या कशाला? आत्ताच निघते. पण तुमची सरासरी खोटी आहे, तेवढं यांना सांगते."

आणि सांगितलं. आकड्यांसकट, एकेका बिल्डरकडे बघून. काहींनी मोबाइल काढले. हसलं मात्र कोणी नाही.

नोकरी गेली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचा राग मला कळतो, पण मला पश्चात्ताप नाही.

यापुढे जिथे कोणी पुण्याची सरासरी सांगेल, तिथे मी उठून विचारणार. यातून कोणाकोणाला काढलंत? उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही.