महालातली एक खिडकी

धामणकर नाक्याजवळ आमची खोली पहिल्या मजल्यावर होती. गणपतीत मंडळाचा देखावा आमच्या इमारतीला टेकूनच उभा राहायचा. कधी राजवाडा, कधी किल्ला. लोक आ वासून बघत. आम्हाला मात्र विसर्जनापर्यंत खिडकीतून बांबू, सुतळ्या आणि कापडाची उलटी बाजू तेवढी दिसे. त्या दिवसांचा मला आधीपासूनच कंटाळा येई.

देखावा उभारणारा डेकोरेटर मानकोलीकडचा. बांबूवर चढून प्रत्येक गाठ दोनदा ओढायचा आणि ड्युटी संपल्यासारखा 'बस' म्हणायचा. दरवर्षी खिडकीशी आला की मला सांगायचा, "काका, यंदा पन तुमचा उजेड जानार."

"जाऊ दे," मी म्हणायचो. आमचं बोलणं तेवढंच.

एका वर्षी माझी बायको दम्यानं अंथरुणाला खिळली होती. त्यानं खिडकीतून तिला पाहिलं आणि उजेडाचं काही न बोलताच वर चढला.

संध्याकाळी दिवे लागले, तेव्हा आमच्या खिडकीपुढचं कापड चौकोनी कापलेलं होतं. वारा सरळ आत येत होता. खाली आरडाओरडा ऐकला म्हणून मी उतरलो. रंगवलेल्या खिडक्यांच्या देखण्या रांगेत आमची खरी खिडकी, तिच्या पिवळ्या बल्बसकट, वाकडी दिसत होती. मंडळाचे कार्यकर्ते डेकोरेटरवर तुटून पडले होते.

तो खांबाला टेकून बिडी ओढत होता.

"एवढा मोठा महाल," तो म्हणाला, "त्यात कोनी राहतंय असं वाटाया नको?"