पायरीवर दिलेला तुकडा

आधीच स्पष्ट सांगते, भूतखेत, भानामती, अंगात येणं यातलं मी काहीही मानत नाही. बेळगावात कॅम्पातल्या मिशनच्या मुलींच्या शाळेत माझी निम्मी हयात गेली. वर्गातल्या पोरी चिंचेखालून जायला भ्यायला लागल्या, तेव्हा मी मुद्दाम त्याच चिंचेखाली वर्ग भरवला होता! त्यात आम्ही ख्रिस्ती. मेलेलं माणूस परत येत नाही, न्यायाच्या दिवसापर्यंत ते देवाच्या हाती असतं, हे मी दरवर्षी पोरींकडून पाठ करून घेते. तरी आज लिहायला बसले, कारण गेल्या उन्हाळ्यात आई गेली आणि ही गोष्ट पाहिलेली मी एकटीच मागं राहिले.

आमचं घर शहापूरला. वडील, म्हणजे आप्पा, विणकर. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून साड्या विणायचे. त्यांचं नाव याकोब, पण बाप्तिस्म्याआधीचे सोबती त्यांना यल्लाप्पाच म्हणत आणि ते दोन्ही हाकांना ओ देत. त्यांची आई, माझी आज्जी, वडगावला धाकट्या काकांकडे राहायची. ती घरं हिंदूच राहिली. आज्जी आमच्या घरचं पाणी प्यायची नाही, पण थोरल्या लेकाचं तोंड बघितल्याशिवाय तिला चैनही पडायचं नाही.

आज्जी गेली तेव्हा जाताना म्हणून गेली की अग्नी थोरल्यानंच द्यायचा. आप्पा गेले. डोकं भादरलं, मिशी काढली, खांद्यावर मडकं घेतलं आणि अग्नी दिला. आता मिशी गेलेली काय झाकून ठेवता येते? रविवारी चर्चमध्ये सगळ्या मंडळीनं बघितलं. ख्रिस्ती होऊन हिंदू विधी केला अशी तक्रार घातली ती आप्पांच्या जिवलग मित्रानं, दावीदअण्णानं. ते चर्चचे पंच होते. "दोस्ती घरात, याकोबा. हितं देवाचं काम हाय," असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, मंडळीसमोर उभं राहा, 'मी पश्चात्ताप करतो' एवढं बोला, विषय संपला. आप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, आईला अग्नी दिल्याचा पश्चात्ताप मला झालेला न्हाय. झाला म्हटलं तर देवाच्या घरात खोटं बोलल्यासारखं व्हईल. ते कसं बोलू?"

त्यांचं प्रभुभोजन बंद झालं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी—प्रभुभोजन म्हणजे महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळे पावाचा तुकडा आणि द्राक्षारस घेतो ते. ज्याचं बंद झालं, त्यानं त्या वेळी बाहेर जायचं. आप्पा निमूट उठायचे आणि बाजूच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसायचे. आई आत रडत तुकडा गिळायची. घरी आल्यावर आप्पा तिला चिडवायचे, "तू आत पाव खाल्लास, मी भाईर हवा खाल्ली. दोघांचंबी पोट भरलं की गं!" आईला हसू यायचं नाही. तिला एकच घोर लागला होता. हा माणूस असाच मेला तर न्यायाच्या दिवशी आपण एकीकडे आणि हा दुसरीकडे.

मोठ्या लढाईच्या शेवटाला इन्फ्लुएन्झाची साथ आली. मी तेव्हा टीचरच्या ट्रेनिंगला होते. तोवर आप्पांचे केस आणि मिशी पहिल्यासारखी झाली होती. उलट पहिल्यापेक्षा झुबकेदार, तेलबिल लावून पीळ दिलेली. हे लक्षात ठेवा. तापानं त्यांना आडवं केलं तेव्हा पाळकसाहेब स्वतःच अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे प्रार्थनेला कुणी आलं नाही. आई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "एकदा म्हणा की वो. मी साक्षीला हाय." आप्पांनी डोळे उघडले. "आता जाता जाता खोटं बोलायला लावू नगं गं," म्हणाले. नंतर ते बोललेच नाहीत.

पुरल्यावर वडगावचे काका भेटायला आले. चांगलं माणूस, भावासाठी ढसाढसा रडले. मग आईला म्हणाले, "वहिनी, आमच्यात कावळा शिवला की कळतंय, जीव सुटला म्हणून. तुमच्यात कसं कळतंय?"

आई म्हणाली, "आमच्यात शेवटच्या दिवशी कळतंय."

"लई लांबची तारीख हाय की मग," काका म्हणाले. त्या दिवसापासून आईची झोप उडाली ती उडालीच.

साथ ओसरल्यावर चर्च उघडलं आणि पहिलं प्रभुभोजन आलं. लख्ख सकाळ होती. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, खाली सतरंज्यांवर. मी बसले होते तिथून बाजूचं दार आणि बाहेरची पायरी सरळ दिसत होती. पायरीवर ऊन होतं. कुणीही नव्हतं... हे मी शपथेवर सांगते.

तुकड्यांची ताटली फिरवायला दावीदअण्णा होते. पुरुषांच्या रांगा संपवून ते आमच्याकडे वळायच्याऐवजी सरळ दारातून बाहेर गेले. पायरीपाशी थांबले, वाकले. बसलेल्या माणसापुढे वाकतो तसे. ताटली पुढे धरली आणि थांबले. ताटलीची कड किंचित खाली झुकली, कुणी तिच्यावर हात टेकवल्यावर झुकते तशी. अण्णांनी तोंडातल्या तोंडात नेहमीचे शब्द म्हटले, सरळ झाले आणि आत येऊन बायकांना तुकडे वाटायला लागले. चेहरा अगदी प्रसन्न! पाळकसाहेब प्याला हातात धरून बघतच राहिले. आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी अण्णांना गाठलं. आम्ही दोघी मागं होतो.

"बाहेर कुणाला दिलंत?"

"कुणाला म्हंजे? याकोबाला! त्याला परत घेतल्यालं मला कुणी कळवलं न्हाय व्हय?" अण्णा हसत होते. "म्या बघितलं, हात पुढं करून बसलाय. म्हटलं, बरं झालं, मिटलं एकदाचं. लई आनंद झाला बगा."

साथीत अण्णा बायकोला घेऊन बोरगावला सासुरवाडीला गेले होते. निपाणीहून मिळेल त्या गाडीनं ते त्याच सकाळी पोचले होते आणि थेट चर्चमध्ये आले होते. आप्पा गेल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पाळकसाहेबांनी सांगितलं तसे ते मटकन खाली बसले. "मीच तक्रार घातलेली," एवढंच म्हणत राहिले. मग एकदम आईकडे बघून म्हणाले, "पर आक्का, त्यानं डोस्कं परत कशापायी भादरलं होतं? मिशीबी न्हवती."

तापात गेले त्या दिवशी आप्पांची मिशी शाबूत होती. मी माझ्या हातानं त्यांचं तोंड पुसलं होतं. आणि बोरगावला जाण्याआधी अण्णांनी त्यांना पाहिलं होतं तेही मिशीसकटच.

पाळकसाहेब समजावत होते की प्रभूची कृपा अपार आहे, त्यानंच हे दाखवलं असेल. आईनं त्यांना मध्येच तोडलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पाळकाला तोडलं असेल. "साहेब, आत असते तर पायरीवर कशाला बसले असते? आन् अग्नी दिला त्याच रूपात? अजून त्यातच हायत ते." मग अण्णांकडे वळून तिनं विचारलं, "तुकडा घेतला, तो तोंडात घातलेला बघितला का तुम्ही?"

अण्णांनी आपली मूठ मिटून दाखवली. "हातात घेतला. मूठ मिटली. खाल्लेला न्हाय बघितला, आक्का."

आम्ही पायरी बघितली, खालची माती बघितली. तुकडा नव्हता. कावळ्यानं नेला म्हणावं तर तिथं कावळा मी तरी पाहिला नव्हता.

मी शिकलेली बाई आहे. पुढं मी सगळं ताडून पाहिलं. अण्णांना तापाची ग्लानी असेल, मनात तक्रारीचा सल असेल, म्हणून तो भादरलेला चेहरा दिसला असेल. मान्य. पण झुकलेली ताटली मला दिसली होती, आणि मला ताप नव्हता. अण्णांनी पंचपद सोडलं, बोरगावलाच कायमचे राहायला गेले आणि तिकडेच वारले. पाळकसाहेबही गेले. आणि आई... चर्च तिनं सोडलं नाही, पण प्रभुभोजनाची वेळ झाली की ती उठून बाहेर जायची आणि पायरीच्या एका कडेला बसायची. शेजारी माणसापुरती जागा सोडून. तिला कुणी बंद केलं नव्हतं. पाळक बदलत गेले, प्रत्येकानं समजावलं. मीही भांडले. "मी शेजारी असल्यावर त्यांना एकट्याला कुणी टाकून बोलणार न्हाय," म्हणायची.

गेल्या उन्हाळ्यात तिनं अंथरूण धरलं. हल्लीचे पाळक अगदी तरुण, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. ते दुपारी घरी प्रभुभोजन घेऊन आले. मला वाटलं, नाही म्हणेल. तिनं विचारलं, "साहेब, मेलेल्या माणसाच्या हातात तुकडा दिला तर चालतो का वो?"

ते हळुवारपणे म्हणाले, "नाही आजी. जे घ्यायचं ते श्वास आहे तोवरच."

आईनं मान हलवली. हात पुढे केला, तुकडा घेतला आणि मूठ मिटली.

"खा ना आजी."

"आधी त्यांना इचारते, खाल्ला का न्हाय," आई म्हणाली. "खाल्ला असंल तर मीबी खाईन. न्हाईतर माझा अर्धा देते त्यास्नी. तेबी चालत नसंल, तर मग आमचा दोघांचा न्याय एकदमच करा म्हणावं देवाला."

दिवस मावळायच्या आत ती गेली. तुकडा खाल्ला नाही म्हणून माझा आईवर राग होता, आणि असं माणूस पुन्हा मिळणार नाही हेही कळत होतं. तिची मूठ मी उघडली नाही. आम्ही तिला तसंच पुरलं.

कबरस्तानातून परतताना पाळकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, तुम्ही धर्मशिक्षण शिकवता म्हणून विचारतो. त्यांनी प्रभुभोजन घेतलं म्हणायचं, की नाही?"