बशी नसलेला कप

माझ्या मावशीला खोटं बोलता येत नाही. हा सद्गुण आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आठ महिने बेकार बसून तिच्या भरवशावर नोकरीचा अर्ज भरून बघावा.

आम्ही दोघं पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या एकाच कारखान्यात होतो. कारखाना बुडाला. मालक कुठे गेला ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. ऑफिसचा फोन बंद, चालू राहिला तो फक्त मावशीचा मोबाइल. मग आमच्यातला जो तो नव्या अर्जात ‘आधीच्या कामाची खात्री कुणाकडे करावी’ या रकान्यात तिचाच नंबर टाकायला लागला. फोन आला की मावशी गॅस बारीक करायची, खुर्चीत ताठ बसायची आणि विचारलेलं सगळं सांगायची. न विचारलेलंही सांगायची.

“काम चोख आहे हो,” एका मशीनवाल्याबद्दल तिने सांगितलं होतं, “पण जेवणानंतर अर्धा तास हाक मारू नका. घोरतो.”

तरी त्याला नोकरी लागली. त्यामुळे मावशीला आणखीच चेव चढला.

मी अर्जात ‘सुपरवायझर, चार वर्षं’ असं ठोकून दिलं होतं. त्यातली चार वर्षं खरी होती. मी खोक्यांवर लेबलं चिकटवायचो.

फोन आला तेव्हा मी तिच्यासमोर लसूण सोलत बसलो होतो. तिने स्पीकर लावला. पलीकडे कुणी बाई होती, आवाज कडक इस्त्रीचा.

“हे तुमच्याकडे सुपरवायझर होते ना?”

मी हात जोडले. मावशीने उतू गेलेल्या दुधाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

“सुपरवायझर? छे हो! त्याच्या कपाला बशी नव्हती.”

“म्हणजे?”

“साहेब लोकांना आणि सुपरवायझरला कपाखाली बशी. बाकीच्यांना नुसता कप. ह्याला चार वर्षं मी नुसताच दिला.”

मला खरोखर रडू आलं. हातात कांदा असता तर निदान त्याच्यावर ढकलता आलं असतं.

“माफ करा,” बाई म्हणाली, “पण तुम्ही तिथे कोण होता?”

एवढ्या फोनांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. ‘मॅनेजर म्हण,’ मी नुसते ओठ हलवले.

“चहावाली,” मावशी म्हणाली. “अठरा वर्षं.”

“मग तुमच्या सांगण्यावर आम्ही कसं—”

“ऐका, बाई. दिवसातून दोनदा मी प्रत्येकाच्या जागेवर जायचे, तेही न सांगता. कोण जागेवर असतं ते मॅनेजरला काय डोंबल माहीत? तो स्वतःच नसायचा. त्याचा चहा मी रोज तसाच परत आणायचे. ह्याचा कप चार वर्षांत एकदाही भरलेला परत आणला नाही. थापाड्या आहे मेला, पण जागेवर असतो. आता काय लिहायचं ते लिहा.”

तिने फोन ठेवला, गॅस मोठा केला आणि म्हणाली, “लसूण सोल.”

चार दिवस मी तिला लसूण सोलून दिला नाही. पाचव्या दिवशी पत्र आलं. सुपरवायझरची जागा नाही, पण लेबलं चिकटवायला माणूस हवा आहे, सोमवारपासून या.

सोमवारी अकरा वाजता तिथली चहावाली आली. तिने माझ्यापुढे कप ठेवला, मला एकदा नीट बघून घेतलं आणि पुढे गेली. कपाला बशी नव्हती. मी जागेवर होतो.