जागा सोडायची नाही

नेपरव्हिलमधले आमचे शेजारी काका चक्रीवादळसुद्धा क्रिकेटसारखं बघतात. टीव्हीवर वाऱ्यात झोकांड्या खाणाऱ्या रिपोर्टरला "आत जा रे गाढवा" म्हणून ओरडतात. काल मी त्यांच्याकडे एका डुगडुगत्या स्टुलावर टेकलो आणि नेमकं तेव्हाच वादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून जरासं दूर वळलं. झालं!

"आता तू उठायचं नाहीस."

"काका, बाथरूमला तरी?"

"कंट्रोल कर."

तेवढ्यात फ्लोरिडातल्या टॅम्पाहून त्यांच्या लेकीचा फोन आला. सांगूनही तिनं घर सोडलं नव्हतं.

"बाबा, आय ॲम फाइन. टीव्ही बघत बसू नका."

"छे गं, कोण बघतंय? पत्ते खेळतोय आम्ही."

बोलताना दुसऱ्या हातानं त्यांनी माझा खांदा दाबून धरला होता. फोन ठेवला तरी तो हात निघेना.